पुण्याचे सर टीव्हीत, आम्ही कोल्हापुरात

आमची दूरशिक्षणाची बॅच सुटून वर्षं झाली, पण दोघं जरी भेटलो तरी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा विषय निघतोच. एक सांगायला जावं तर चार आठवतात! दर रविवारी पुण्याचे सर टीव्हीत येणार, आम्ही शिवाजी पेठेतल्या केंद्रात बसून शिकणार. अट एकच, केंद्रातनं प्रश्न आले पाहिजेत. नाहीतर टीव्ही-कॅमेऱ्याचा सगळा सेट उचलून दुसऱ्या गावाला. आम्हाला काय, रविवारची सुट्टीच मिळाली असती! जीव टांगणीला लागलेला फक्त सुमनताईंचा. त्या चंदगडच्या अंगणवाडी सेविका. सेट गेला तर तासाला पुणं गाठावं लागणार, म्हणजे बी.ए. सुटलंच.

*

पहिल्या दिवशी सर स्क्रीनवर आले नि आम्ही सगळे उठून उभे राहिलो. शाळेपासूनची सवय! कॅमेऱ्याचं तोंड छताकडं, सरांना दिसत होता नुसता पंखा. ते 'बसा' म्हणेनात, आम्ही बसेना. पाऊण तास अर्थशास्त्र उभ्यानं ऐकलं.

*

आमच्यातले सर्जेराव एसटीत कंडक्टर. दुसऱ्याच रविवारी मागच्या बाकावर आडवे झाले. मी हलवलं तर म्हणाले, "सर पुण्यात हाईत की! बघतंय कोण?"

पण कॅमेरा आता आमच्याकडं वळवलेला. टीव्हीतनं आवाज आला, "निळा शर्ट, उठा!"

पुढच्या रविवारी सर्जेराव सगळ्यांच्या आधी हजर. बसले कुठं? थेट टीव्हीच्या मागं!

*

आवाज पोचायला वेळ लागायचा. एकदा सरांनी विनोद केला, आम्ही पोट धरून हसलो. ते हसू पुण्यात पोचलं तेव्हा सर भूकबळींवर आले होते! असे भडकले म्हणता!

सर्जेराव म्हणाले, "इनोद असला तर आधी कळवा म्हणावं."

*

आणि मग तो रविवार. आज प्रश्न आला नाही तर उद्या सेट न्यायला गाडी, असं पत्रच आलेलं. बाकीची केंद्रं उरकत सर दुपारी दीडला आमच्याकडं वळले. "कोल्हापूर, प्रश्न?"

सगळ्यांच्या माना खाली. सुमनताई उठल्या. प्रश्न कागदावर लिहून आणलेला. पण माइक धरायला गेल्या नि कागद पडला खाली. वाकून उचलायचंही त्यांना सुचेना.

"सर..." त्या म्हणाल्या, "जेवलासा काय?"

सर्जेरावांनी कपाळावर हात मारला. "गेला सेट!"

टीव्हीत सरांनी चष्मा काढला, पुसला.

"नाही हो ताई. सकाळपासून एवढी केंद्रं झाली, कुणी विचारलंच नाही."

मग बाजूला वळून कुणाला तरी म्हणाले, "कोल्हापूरचा सेट राहू दे."