हिरव्या पट्ट्यातली मुलगी

स्वतःचं कौतुक स्वतः करू नये, असं मला लहानपणापासून सांगितलं गेलं. मी ते ऐकलं नाही. अंगणवाडीची सेविका म्हणून एकाच वस्तीत माझी एकोणतीस वर्षं झाली. बोर्लीच्या बाजारात भाजी घ्यायला उभी राहिले, तर रिक्षावाल्यापासून बँकेतल्या क्लार्कपर्यंत दहा तरी माणसं अशी भेटतात, ज्यांचा शेंबूड मी पुसला आहे. त्यांतला एक पोलीस आहे आणि मला बघितल्यावर अजून खिशातले हात बाहेर काढतो. मला या सगळ्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण ज्या मुलीचा सगळ्यांत जास्त अभिमान आहे, तिच्याबाबतची माझी चूक आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं सांगण्याला अर्थ नाही.

आमची वस्ती रस्ता आणि समुद्र यांच्या मधे, नारळी-पोफळीच्या वाड्यांत आहे. वादळाच्या सालात त्या पोफळी आडव्या झाल्या. नवीन लावलेली पोफळ सुपारी धरायला पाच-सात वर्षं घेते आणि तेवढा धीर सगळ्यांना नव्हता. बऱ्याच वाड्यांत पर्यटकांसाठी खोल्या उभ्या राहिल्या. अशाच एका वाडीचे मालक मुंबईला असतात. त्यांनी खोल्या सांभाळायला एक जोडपं ठेवलं. दिघीच्या खाडीपलीकडून फेरीबोटीने आलेलं, दोन पिशव्या आणि कडेवर आठ महिन्यांची मुलगी घेऊन. नवरा झाडांना पाणी घालायचा आणि पाहुण्यांचं हवं-नको बघायचा. बायको पहाटे घावण घालायला चुलीपुढे बसायची, त्यानंतर मोदक, जेवणं, खोल्या झाडणं, चादरी धुणं. वस्तीत त्यांचं नात्याचं कोणी नव्हतं.

दर महिन्याला मी मुलांची वजनं करते. ज्या आयांना यायला जमत नाही, त्यांच्या दारी काटा घेऊन जाते. वजन तक्त्यावर मांडायचं असतं. तक्त्याला तीन पट्टे, हिरवा, पिवळा आणि लाल. हिरव्यात ठिपका पडला की मूल ठीक. या मुलीचा ठिपका कायम हिरव्यात. पाहुण्यांच्या स्वयंपाकघरात खाण्याला तोटा नव्हता आणि आई भरवण्यात कधी कमी पडली नाही. बाकीची मुलं काट्याच्या झोळीत घातली की असा आकांत करतात की शेजारची कुत्री भुंकायला लागतात. ही मात्र लटकवली तशी लटकून राहायची. रडायची नाही, हसायची नाही, माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. "किती गुणी गं पोर तुझी," मी तिच्या आईला म्हणायची. एकदा नाही, दर महिन्याला म्हणायची. न रडणारं, न मागणारं, बसवलं तिथे बसणारं मूल आमच्याकडे गुणी ठरतं, आणि ही पदवी मी वर्षानुवर्षं खिरापतीसारखी वाटत आले होते.

तिला तीन वर्षं पूर्ण झाली. आता अंगणवाडीत पाठव म्हटलं, तर आई म्हणाली, "यील की बाई, जराशी मोठी होऊ दे." घर वस्तीच्या टोकाला, न्यायला-आणायला कोणी नाही. मी रजिस्टरात नाव घातलं आणि खाऊ घरी पोचवत राहिले. तपासणीला आलेल्या बाईंनी माझे तक्ते बघून शाबासकी दिली. मी ती खुशाल घेतली.

वजनाला आई दर वेळी मुलीला फाटकाशी घेऊन यायची. मग एका महिन्यात मी काटा घेऊन तिथे उभी राहिले आणि कोणी आलंच नाही. आत पाहुण्यांच्या दोन गाड्या लागल्या होत्या. सकाळचे अकरा वाजले असतील. मला उभं ठेवलेलं आवडत नाही, मी सरळ वाडीतून मागच्या बाजूला गेले. मागे विहीर, विहिरीला लागून पंपाची खोली आणि तिच्याशेजारी यांची राहायची खोली. दाराला बाहेरून कडी होती. मी कडी काढली.

मुलगी चटईवर बसली होती. समोर ताटलीत अर्धं घावण, मांडीवर मोबाइल. मोबाइलची बॅटरी संपलेली होती आणि ती त्या काळ्या काचेकडे बघत होती. मी नावाने हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. टाळी वाजवली. तिने मान वर केली नाही. बहिरी आहे की काय, असं मनात येतंय तोच शेजारी पंप सुरू झाला आणि तिने दचकून तिकडे पाहिलं. म्हणजे ऐकू येत होतं. मी तिच्यासमोर बसले, तेव्हा तिने माझं मनगट धरलं, माझ्या तोंडाकडे न बघता, आणि माझा हात ओढून चार्जरवर ठेवला. तिला माझ्याशी काही घेणंदेणं नव्हतं, फक्त हात हवा होता. तिचा आवाज मी आजवर कधी ऐकलाच नाही, हे मला तिथे, त्या चटईवर बसल्यावर पहिल्यांदा कळलं.

आई धावत आली, हात पिठाचे. मी तिला नको नको ते बोलले. पोर आहे की शेळी, असंसुद्धा बोलले. ती खाली बघत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "बाई, ही बावडी बघा. कठडा माज्या गुडग्याएवडा हाय. पोर आत गेली तर मी काय करू? आनी पुढं पाहुनं. एकानं मोबाइलवर लिवलं, सकाळी पोर रडतं, झोपमोड होते. मालकांचा फोन आला. तवापासनं आत ठेवते. आधी रडायची, मंग राह्यली."

मी पुन्हा तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "तुमीच तर म्हनायच्या, गुनी हाय म्हनून. मला वाटलं बरं चाललंय."

त्या महिन्यात मी तिचं वजन केलं नाही.

आम्ही तिला तालुक्याला डॉक्टरांकडे नेलं. कान उत्तम निघाले. डॉक्टर म्हणाले, काही मुलं जन्मतःच अशी असतात आणि काही, कोणी बोलायला-खेळायला नसल्यामुळे अशी होतात. ही कुठली, ते आज सांगता येणार नाही. मोबाइल बंद करा, तिच्या तोंडाकडे बघून बोला, माणसांत ठेवा, सहा महिन्यांनी आणा. बाहेर आल्यावर मुलीचा बाप म्हणाला की पनवेलच्या पुढे अशा मुलांची राहायची शाळा आहे, त्याला कोणी तरी सांगितलं होतं. "तिकडं सांबाळतील तरी. हितं आमी दोगं कामात." तो दुष्ट नव्हता, दमलेला होता. जूनमध्ये तिला तिकडे घालायचं त्याच्या मनाने घेतलं होतं. मी म्हटलं, "जूनपर्यंत पोर माझी. जूनला काही फरक नसला तर मी स्वतः तुझ्याबरोबर येईन सोडायला." हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे. नोव्हेंबर सुरू झाला होता.

पहिलं काम मी मालकांना फोन लावण्याचं केलं. मी तयारीने बोलणार होते, पण पलीकडचा माणूस बिचारा "कोंडलेली? कोण?" असंच विचारत राहिला. पोर कोंडलेली असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. रडू देऊ नका म्हटलं, एवढंच त्यांना आठवत होतं. त्यांनी विहिरीला लोखंडी जाळी बसवायला माणूस पाठवला. अडीच वर्षं ज्या विहिरीपायी मूल कडीत राहिलं, तिची जाळी दीड दिवसात बसली. मी तिथे उभी राहून बघत होते आणि कोणावर चिडावं तेच मला समजत नव्हतं.

अंगणवाडीत ती पहिले पंधरा दिवस कोपऱ्यात, कानांवर हात ठेवून. माझी बावीस मुलं म्हणजे बावीस भोंगे. गाणी लावली तरी ती भिंतीकडे तोंड करायची. तिला माणसांत ठेवायचं होतं, पण इतक्या माणसांत नाही, हे माझ्या ध्यानात आलं. म्हणून दुपारी शाळा सुटल्यावर मी तिला माझ्या शेजारणीच्या पडवीत घेऊन जायला लागले. हंगामात तिथे चार बायका सुपारी सोलायला बसतात. हात चालू, तोंड चालू. कोणाच्या सुनेने काय केलं, कोणाचं जावळ कधी, सगळं तिथे. त्या मुलांसाठी म्हणून काही बोलत नाहीत, नुसत्या बोलतात. मी तिला मधे बसवलं आणि काम दिलं. सोललेली सुपारी हातात घ्यायची आणि मोठी या टोपलीत, बारीक त्या टोपलीत टाकायची. प्रत्येक बाई सुपारी देताना तोंडाने सांगायची, "घे बाय, ही मोठी." "ही बारीक गो." दुपारभर तेच. महिनाभर तिने फक्त सुपारी बघितली. मग देणाऱ्या हाताकडे बघायला लागली. संक्रांतीच्या सुमारास हातावरून नजर तोंडाकडे गेली. ते मी पाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. शिकलेली बाई असून.

आईलाही मी रोज तासभर तिथे बोलवायचे. पहिल्यांदा ती मुलीशी बोलायलाच लाजली. "काय बोलू हिच्याशी?" म्हणाली. तिला या गावात येऊन तीन वर्षं झाली होती आणि पाहुण्यांना "अजून वाढू का" याच्यापलीकडे तिच्याशीही कोणी बोललं नव्हतं. पोरीबरोबर तीही कोंडलेलीच होती, हे मला तिथे पडवीत उमगलं. महिन्याभरात ती बायकांत इतकी रुळली की माझ्या शेजारणीला सुपारी कशी सोलावी ते शिकवायला लागली.

होळीच्या आधी चार दिवस. मुलीने एक सुपारी मुठीत घट्ट धरली होती, टाकेना. सोलणाऱ्यांतली सगळ्यांत म्हातारी बाई मोठी खाष्ट, तिने मूठ उघडून सुपारी काढून घेतली. मुलगी तिच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "न्हाय."

चारही बायकांचे हात थांबले. म्हातारीने सुपारी परत दिली आणि मुद्दाम पुन्हा काढून घेतली. "न्हाय," मुलगी मोठ्याने म्हणाली, आणि पाठोपाठ असा गळा काढला की वाडीपलीकडे ऐकू जावं. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी रडले नाही. मला इतकं अभिमानाचं भरतं आलं होतं की त्यात रडायला जागा नव्हती. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांनी भाषणं केली आहेत, बक्षिसं आणली आहेत. पण त्या हट्टी "न्हाय"ची सर कशालाच नाही. मी त्या दिवसापासून कुठल्याही मुलाला गुणी म्हटलेलं नाही.

जून आला तेव्हा तिच्याकडे तीसेक शब्द होते आणि त्यांतले निम्मे त्या म्हातारीचे, म्हणजे चारचौघांत बोलण्यासारखे नव्हते. बापाने पनवेलचं नाव काढलं नाही. त्याने मला फक्त विचारलं, "बाई, उद्या किती वाजता आनू?" डॉक्टरांनी तिला बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाले, चांगलं केलंत. हेही म्हणाले की गेलेली वर्षं सगळी भरून येतील असं समजू नका. ते खरं आहे. आज ती सहा वर्षांची आहे, गावच्या शाळेत पहिलीत जाते. लग्नाचा बँड आला की अजून कान झाकते. अनोळखी माणसाने एकदम काही विचारलं तर तिचा शब्द वाटेत अडकतो. अक्षरं तिला इतर मुलांपेक्षा उशिरा लागताहेत. मी खोटं कशाला सांगू. आणि त्यात माझा वाटा आहे, तोही सांगते. आता वजनाच्या तक्त्याच्या कडेला मी पेन्सिलीने लिहिते, बोट दाखवतं, हाकेला बघतं, रडतं. तपासणीच्या बाई म्हणाल्या, हे रकान्याबाहेर आहे. मी म्हटलं, हो, मूलही बाहेरच असतं.

यंदा तिला भाऊ झाला. परवा मी त्याला बघायला दुपारी त्यांच्याकडे गेले. पाहुण्यांची पंगत चालू होती, आई पुढे वाढत होती. मागच्या अंगणात झाडाला बाळाची झोळी बांधलेली आणि ही शाळेच्या कपड्यांतच तिच्या काठाला धरून उभी. खिचडीत आज वाटाणे होते, बाईंनी कोणाला कोपऱ्यात उभं केलं, कोणाची चप्पल हरवली, सगळं ती झोळीत तोंड घालून सांगत होती. मधे अडखळायची, शब्द शोधायची आणि पुन्हा सुरू. पुढून वाढता वाढता आई मला ओरडून म्हणाली, "बघा बाई, झोपू देत न्हाय त्याला. दिवसभर तोंड चालू."

मी मुलीची गंमत करायची म्हणून तिला म्हटलं, "अगं, चार महिन्यांचा आहे तो. त्याला काय कळतंय?"

तिने मान वर करून माझ्याकडे रोखून पाहिलं, मोठ्या माणसाला एवढंही समजू नये याचा वैताग आल्यासारखं.

"कळत न्हाय म्हनून तर सांगते," ती म्हणाली आणि हरवलेली चप्पल कुठे सापडली ते त्याला सांगायला लागली.