उलटा शिकवलेला हात

भावना आयटीआयतून वेल्डरचा ट्रेड करून बाहेर पडली, तेव्हा अमरावतीपासून तिवशापर्यंत एकाही दुकानदाराने तिला उभं केलं नाही. कोणी हसलं, कोणी 'भाऊ असंल त पाठव' म्हणालं. तिवशाच्या हमरस्त्यावर दुकान असलेल्या खुशालराव मिस्त्रींनी मात्र होल्डर तिच्या हातात दिला. "मार टाका. पायतो," म्हणाले. टाका पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर ये म्हणून सांगितलं.

एकदा एक गिऱ्हाईक अडून बसलं, पोरीच्या हातचा हूक माझ्या ट्रॉलीला नको. खुशालरावांनी त्याची ट्रॉली तशीच मोडकी परत पाठवली. गावात चार दिवस चर्चा झाली. भावनाचे वडील श्रावण पाणीपुरवठ्यावर कामाला होते. ते येता-जाता सांगायचे, "माह्या पोरीले दुसरा बाप भेटला."

दुकानातलं सगळं काम साध्या रॉडवर चाले. हा रॉड मोठा सोशिक. गंजलेल्या पट्टीवर चालतो, जरासा दमट असला तरी चालतो, हात हलला तरी सांभाळून घेतो. भावनाचा हात त्यावर असा बसला की हळूहळू सगळे बारीक जोड तिच्याकडेच येऊ लागले. खुशालराव कापायचे, ती जोडायची.

मग अकोल्याच्या एमआयडीसीत बॉयलर बनवणाऱ्या एका कंपनीत वेल्डरची भरती निघाली. टेस्ट सत्तर-अठराच्या रॉडवर, म्हणजे बॉयलरसारख्या दाबाच्या कामाला लागणाऱ्या लो हायड्रोजनच्या. तो रॉड भावनाने आयटीआयत फक्त फळ्यावर पाहिला होता. खुशालरावांना ती काका म्हणे. काकांना सांगायची तिला भीती वाटत होती. सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा ग्लास हातात फिरवला.

"जा ना मंग," म्हणाले. "साइटवर असतानी म्या थोच रॉड जाळला. मी शिकवतो तुले."

त्यांनी स्वतः अमरावतीहून पुडा आणला, फोडला आणि उघडाच कूलरजवळच्या फळीवर ठेवला. "हवा लागू दे त्याले. थंडा रॉड चांगला चालते." भावनाने पहिला रॉड टेकवला, तो पट्टीला चिकटून बसला. "उचलून धर," काका म्हणाले. "अजून वर. अन् हात झुलवत ने, झाडू मारल्यावानी." तिने तसं केलं. जाळ फडफडला, ठिणग्या उडाल्या. वरचा मळ ठोकून काढला तर टाका किडलेल्या लाकडासारखा दिसत होता.

"काका, भोकं पडून राह्यले."

"सुरुवातीले पडतेच. वरून घासून टाक."

ती घासून टाकायची. दुकान बंद व्हायच्या वेळेला रोज पट्ट्या जोडायची. हात वळेपर्यंत, मनगटाला ती उंची आणि तो झोका पाठ होईपर्यंत तिने केलं. खुशालराव शेजारी स्टूल टाकून बसायचे आणि "आता जमलं" म्हणायचे.

अकोल्याला टेस्टच्या दिवशी रॉड वाटले ते भट्टीतून काढलेले, हाताला गरम लागणारे. भावनाने भाबडेपणाने विचारलं, "थंडे नाई काय?" रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. फोरमन सहदेव हसला नाही. तिने जोड केला, तपासायला प्लेट मशीनखाली वाकवली गेली आणि जोड मधोमध उकलला. आत भोकंच भोकं.

"कोनापाशी शिकली?" सहदेवने विचारलं.

"तिवशाच्या खुशालराव मिस्त्रींपाशी." अशा वेळीही तिने ते नाव मान वर करून घेतलं.

सहदेवने हातातली प्लेट खाली ठेवली. "खुशालराव? थे माह्या संगं साइटवर होते. त्याईच्या जोडाच्या एक्सरेत टाचणीएवढं भोक सापडे नाई. रॉड गरम ठेवाचा, दमट झाला का जोडात भोकं पडते, हे मले त्याईनंच शिकवलं." त्याने एक रॉड घेतला आणि टोक पट्टीला जवळजवळ टेकवून, हात न झुलवता सरळ ओढत नेला. टाका एकसारखा उतरला. "हे असं, पोरी. पुढच्या भरतीले ये."

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर गेलं तरी भावनाला वाटत होतं, काका विसरले असतील, वय झालं. पण विसरणारा माणूस एखादी गोष्ट चुकतो. इथे तर एकूण एक गोष्ट उलटी होती. आठवून-आठवून उलटी केलेली. बडनेरा येईपर्यंत तिचं ठरलं, उद्या विचारायचंच.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. "काका, रॉड गरम ठेवा लागते, हे तुमाले मालूम होतं?"

खुशालरावांनी ग्राइंडर बंद केला. "होतं."

"मंग काहून?"

"तू गेली असती त दुकान कोनं चालवलं असतं? मले आता बारीक जोड दिसत नाई व."

"मले सांगाचं होतं. मी राह्यली असती."

"सांगतलं असतं," ते खाली बघून म्हणाले, "अन् तरी तू गेली असती त?"

भावनाने हातमोजे काढून ऐरणीवर ठेवले आणि ती निघाली. वडिलांनी घरी समजूत घातली, "त्यानंच उभं केलं तुले. मानूस वाईट नाई." हेच तिला सोसत नव्हतं. वाईट माणसाने फसवलं असतं तर ती शिव्या घालून मोकळी झाली असती.

अमरावतीत राजापेठेजवळ एका फॅब्रिकेशनवाल्याकडे तिला काम मिळालं. तिथे सत्तर-अठरा होता, रॉड गरम ठेवायची पेटी होती. चुकीचं वळण मोडायला नवं शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागले. घाई झाली की मनगट आपोआप वर उचललं जायचं, झोका घ्यायचं. आणि आता काकांनी शिकवलेलं सगळंच तिला संशयाचं वाटू लागलं. करंट किती ठेवायचा, काच कशी धरायची, हूक कोणत्या बाजूने जोडायला घ्यायचा, हे ती दुसऱ्यांना विचारून पारखून घेई. सगळं खरं निघालं. प्रत्येक वेळी खरं निघालं की तिला बरं वाटायच्या ऐवजी रडू यायचं.

पुढच्या भरतीत ती पास झाली. प्लेट वाकली, जोड उकलला नाही. सहदेवने नुसती मान हलवली.

दिवाळीला गावी आली होती, तेव्हा तिवशाच्या स्टँडवर खुशालरावांच्या बायकोची, मैनाबाईंची गाठ पडली. त्यांनी तिचा हात धरला. "दुकान आता अर्धा दिवसच उघडं रायते. थे सबन गावाले सांगत फिरतात, पोरगी कंपनीत लागली, माह्याच हातची हाय. एकडाव येऊन जाय व माय."

"त्याईच्याच हातची हाय, काकू," भावना म्हणाली. "म्हनून त येववत नाई."

मैनाबाई हात सोडेनात. अकोल्याची गाडी लागली. भावनाने पिशवी उचलली, वाकून त्यांच्या पाया पडली आणि गाडीत चढली.