स्पीकरमधली डरकाळी

माझ्या नणंदेने जन्मभर ड्रायव्हिंग शिकवले, तेही इंजिनाच्या आवाजावरून गिअर बदलायला लावून. तिची जुनी, दांडग्या इंजिनाची गाडी विकायला तिच्या मुलाने गिऱ्हाईक ठरवले होते, पण ती किल्ली सोडायला तयार नव्हती. परवा त्याने आम्हाला आपल्या नव्या स्पोर्ट्स कारमधून फिरवले. मी मागे अंगाची घडी करून बसले होते. गाडीची डरकाळी ऐकून नणंद विरघळली आणि तिने जुन्या गाडीची किल्ली पुढे केली. तेवढ्यात मुलाने ऐटीत बटण दाबले. उरली नुसती बारीक घरघर.

"डरकाळी स्पीकरमधून येते, आई!"

"मेल्या, आईला रेकॉर्ड ऐकवतोस?" तिने किल्ली पर्समध्ये टाकली.

संताप मलाही आवरेना. गिऱ्हाइकाला नकार मीच फोनवर कळवला.