आधी विंझरला लावून बघू

माझे यजमान नारायणराव भोरमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नोकरी करतायत. लागले ते टायपिस्ट म्हणून. टाइपरायटर अडगळीत गेला, कॉम्प्युटर आले, आणि 'तुम्हाला टायपिंग येतं ना, मग हेही तुम्हीच बघा' असं म्हणून सगळं यांच्या गळ्यात पडलं. रजिस्टरमध्ये हुद्दा अजून टायपिस्टच आहे. त्याबद्दल हे एका शब्दानं कधी बोलले नाहीत. बोलायचं काम माझ्याकडे.

दवाखान्याची खेड्यांत सात उपकेंद्रं आहेत. कामथडीला एक, विंझरला एक, बाकीची आडबाजूला. प्रत्येक ठिकाणी एक नर्स आणि एक कॉम्प्युटर. कुणाच्या छातीत दुखायला लागलं की नर्स तिथं ईसीजी काढते, तो लाइनवरून भोरला येतो, भोरचे डॉक्टर बघतात आणि काय द्यायचं ते सांगतात. डॉक्टरांनी बघितल्याशिवाय नर्सनं इंजेक्शन द्यायचं नाही, असा नियम आहे.

या सातही कॉम्प्युटरच्या फायरवॉल नारायणराव सांभाळतात. फायरवॉल म्हणजे काय, हे मला इतक्या वेळा सांगून झालंय की आता मीच शिकवणी लावू शकेन. दारावर पहारेकरी असावा, तसं ते असतं. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर सोडायचं, याचे नियम त्याला लिहून द्यायचे. लिहिले नाहीत तर कुणीही घुसतो, चुकीचे लिहिले तर घरच्या माणसालाही दार उघडत नाही. हे नियम सात गावांना एसटीनं जाऊन कोण लिहिणार? म्हणून नारायणराव भोरमध्ये बसून काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करतात. रोज त्याच आज्ञा टाइप करून बोटं दुखायला लागली, तेव्हा त्यांनी त्या ओळीनं एका फाइलमध्ये लिहून ठेवल्या. त्या फाइलला स्क्रिप्ट म्हणतात. ती चालवली की आज्ञा एकामागून एक आपोआप जातात.

हे सरळ झालं असं नाही. स्क्रिप्ट दोनदा चालली की प्रत्येक नियम दोनदा लागायचा. मग नियम आधी आहे का ते बघून नसला तरच लावायचा, असं त्यांनी शिकून घेतलं. वेल्ह्याकडच्या केंद्रांत लाइट गेली की तिथला कॉम्प्युटर सगळे नियम विसरायचा, म्हणून ते डिस्कवर जपून ठेवायला शिकले. हे सगळं सकाळी, आंघोळीच्या आधी, जेवणाच्या टेबलावर. सात वर्षं मी त्या वायरी उचलून पोहे वाढतेय.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. ट्रस्टनं नवीन यंत्रणा घेतली आणि सगळे नियम बदलायचे ठरले. नारायणरावांनी नवी यादी केली. ती आधी कुठंतरी लावून बघायला हवी होती. आमच्या दवाखान्याची एक जुनी रीत आहे. काहीही नवीन आलं की 'आधी विंझरला लावून बघू' असं म्हणायचं. औषधाचं कपाट, हजेरीचं मशीन, केसपेपरचा नमुना, सगळं आधी तिकडं. तिकडं गर्दी कमी. बिघडलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. यांनीही तेच केलं.

यादी नीटनेटकी दिसावी म्हणून यांनी ओळींचा क्रम बदलला होता. पूर्वी आधी आपल्याला हवी ती दारं उघडायची आणि शेवटी 'बाकी सगळं बंद' ही ओळ. नव्या यादीत 'सगळं बंद' पहिल्या ओळीवर आलं. स्क्रिप्ट भोरहून एकेक ओळ पाठवत होती. पहिली ओळ विंझरला पोचली, विंझरच्या कॉम्प्युटरनं सगळी दारं लावून घेतली, आणि त्यात भोरचं दारही लागलं. पुढची ओळ आत जाणार कुठून? उघडा म्हणून सांगायलाही रस्ता उरला नाही.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास हे झालं. आता विंझरला जाऊन त्या कॉम्प्युटरसमोर बसण्यावाचून इलाज नव्हता. भोरहून कापूरहोळ, नसरापूर करत दोन एसट्या बदलून हे दोन वाजता तिथं टेकले. तोवर जे व्हायचं ते झालं होतं.

साडेअकराला फुलाबाई नावाच्या बाई छाती धरून केंद्रात आल्या होत्या. साठीच्या, शेतात राबणाऱ्या. तिथली नर्स सोनिया हिनं ईसीजी काढला, पाठवला, तो जाईना. पुन्हा पाठवला. केंद्र खोलगट जागेत आहे, मोबाईलला रेंज मिळते ती वर रस्त्यावर. पेशंटला एकटं टाकून कशी जाणार? शेवटी कागदाचा फोटो काढून तिनं फुलाबाईंचे मालक चिमाजी यांच्या हाती मोबाईल दिला आणि त्यांना रस्त्यावर पिटाळलं. त्यांना फोटो पाठवता येईना. रस्त्यानं कुणी शिकलेलं माणूस येईपर्यंत ते तिथं उभे होते. डॉक्टरांचा निरोप येऊन इंजेक्शन दिलं तेव्हा तासाहून जास्त वेळ गेला होता.

फुलाबाई वाचल्या. पण हृदयाचा काही भाग कायमचा कमजोर झाला. चार पायऱ्या चढल्या तरी त्यांना दम लागतो, शेत सुटलं.

नारायणरावांनी लाइन दुरुस्त केली आणि तिथल्या रजिस्टरमध्ये लिहिलं, 'चार वाजता तपासली, लाइन सुरळीत.' शब्द न् शब्द खरा. या एका वाक्यानं सगळा घोळ केला. चौकशीला आलेल्यांनी ते वाचलं, लाइन चालू बघितली, आणि सोनियाला कॉम्प्युटर हाताळता येत नाही असा निष्कर्ष काढला. तिला नोटीस गेली. ती कंत्राटी, महिनाअखेरच्या बैठकीत तिला काढायचं जवळपास ठरलं.

हे मला यांनी घरी येऊन सांगितलं, अगदी सगळं. आणि म्हणाले की आधी हा दोष कायमचा काढतो, मग बोलतो. अठ्ठावन्न पुरी व्हायला यांना पाच महिने होते, पुढं दोन वर्षांची मुदतवाढ मिळणार होती. मला राग आला, आणि खरं सांगते, मीही गप्प बसले. दमलेल्या माणसाला ढकलायचं जिवावर आलं होतं.

पुढच्या रविवारी हे फुलाबाईंना भेटायला गेले. सांगायचं म्हणूनच गेले, पण सांगितलं नाही. चहा घेऊन, विहिरींबद्दल बोलून परत आले. चिमाजी पंचक्रोशीतल्या विहिरींचा गाळ काढतात. जुन्या विहिरीत तळाला हवा कोंडलेली असते, खाली गेलेल्या माणसाला भोवळ आली तर त्याला हाकही मारता येत नाही. म्हणून कमरेला दोर बांधून उतरायचं आणि वरच्याला आधीच बजावून ठेवायचं. काय बजावायचं ते चिमाजींनी सांगितलं होतं, आणि घरी आल्या आल्या यांनी मला ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"धा मिन्टांत माझी हाक न्हाई आली, तर इचारत बसू नगंस. वढ."

दुसऱ्या दिवसापासून टेबलावर वायरी दुप्पट झाल्या. नारायणरावांनी घरातले दोन जुने कॉम्प्युटर जोडले आणि स्क्रिप्ट मुळापासून लिहायला घेतली. आता यादी ओळीओळीनं जात नाही, सगळी एकदम जाते आणि एकदम लागते. ती लागण्याआधी तिकडचा कॉम्प्युटर जुनी यादी बाजूला ठेवतो आणि घड्याळ लावतो. नवी लागल्यावर इकडून 'ठीक आहे' असा निरोप पाच मिनिटांत पोचला तर नवी राहते. निरोप आला नाही तर तो कुणाला विचारत बसत नाही, जुनी यादी परत लावतो. ऐकायला सोपं आहे. यांचे बारा दिवस गेले, आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं अजून गेलेली नाहीत.

तेराव्या दिवशी सकाळी मला समोर बसवून यांनी मुद्दाम तीच चूक केली. 'सगळं बंद' असलेली यादी पाठवली. पडदा थिजला. काही टाइप केलं तरी उमटेना. आम्ही दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. चहावर साय आली. पाच मिनिटं झाली आणि पडद्यावर अक्षरं आली, दार उघडलं होतं.

यांनी नुसता चष्मा काढून पुसला.

"दोर ओढला तुम्ही," मी म्हटलं. "पण सोनिया अजून विहिरीतच आहे."

मग मात्र यांनी कागद ओढला. टायपिस्ट माणूस, पण ते पत्र हातानं लिहिलं. मंगळवारी अकरा वाजता लाइन माझ्या चुकीनं तुटली, नर्सचा काही दोष नाही, रजिस्टरमधलं वाक्य मी अर्धंच लिहिलं. बैठक शुक्रवारी होती, पत्र सोमवारी दिलं. सोनियाची नोटीस मागं घेतली. यांची मुदतवाढ गेली, ती कशामुळं गेली हे ट्रस्टच्या चार ओळींच्या पत्रात कुणी लिहिलं नाही. एकतीस वर्षांनी यांच्याबद्दल कुणीतरी चार ओळी लिहाव्यात असं मला फार वाटायचं, त्या ओळी अशा आल्या.

त्या रविवारी आम्ही दोघं विंझरला गेलो. फुलाबाई ओट्यावर पाय पसरून तांदूळ निवडत होत्या. शेजारी चिमाजी. फुलाबाईंच्या घरच्यांनी, गावानं, आजवर त्यांनाच बोल लावला होता. दुखणं अंगावर काढलं, वेळेवर गेली नाहीस, असं. आणि त्यांनाही ते पटलं होतं, हे बोलण्यातून कळलं तेव्हा मला मान वर करवेना.

नारायणरावांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. लाइन कशी तुटली, कुणी तोडली, रजिस्टरमध्ये काय लिहिलं. काही झाकलं नाही. चिमाजी खाली बघत राहिले. फुलाबाईंचे हात सुपात थांबले होते.

"सायेब," त्या म्हणाल्या, "पर पयलं आमच्याच हितं का लावून बगितलं?"

खोटं बोलायला जागा होती. मी यांच्याकडे बघत होते.

"इथं माणसं कमी येतात, म्हणून," नारायणराव म्हणाले.

फुलाबाईंनी हे नीट ऐकून घेतलं. त्यांना दम लागला होता, जरा थांबून बोलल्या.

"कमी येत्यात. पर येत्यात की."

आणि त्या पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. थोड्या वेळानं त्यांनीच चिमाजींना चहा टाकायला सांगितलं. आम्ही तो घेतला आणि पावणेपाचची एसटी धरली.