सात गावांची लाइन आणि कंपनीची डबी

धरणगावच्या बसस्टँडमागे अनवरीबीचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. नवरा गेल्यावर दीर म्हणाला, दुकान विकून टाक. तिने पाटीवर स्वतःचं नाव रंगवून घेतलं. पंचक्रोशीत विहिरीवरची मोटार जळाली की अनवरीकडेच यायची. जळकी तार उलगडताना ती एकेक वेढा मोजून वहीत लिहायची, मगच तार भंगारात.

त्र्याण्णव सालच्या माघात पाणीसंस्थेचा सेक्रेटरी वना वायरलेसचा संच काखेत मारून आला. कालव्याच्या शेपटाकडची त्यांची सात गावं. गावागणिक परवान्याचा एक संच, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा. वरच्या गावाने पाणी सुटल्याचं सांगायचं, खालच्याने ऐकून पुढच्याला. ना मुख्य ठाणं, ना साहेब. आमची लाइन कोणाच्या बापाची नाही, असं वना दर सभेत ठणकावायचा.

आता चौथ्या गावाचा संच मुका, म्हणून खालची तीन गावं बहिरी. शनिवारी गव्हाचं शेवटचं पाणी. वेळेवर वर्दी नाही मिळाली, तर शेतांकडे वळणाऱ्या चाऱ्यांची दारं बंद आणि पाणी सरळ नाल्यात. कंपनीच्या माणसाने हात झटकले होते. संचातली सीलबंद डबी जळाली, ती आता बनत नाही, नवे संच जुन्यांशी बोलत नाहीत, तेव्हा सातही नवे घ्या.

"म्हणजे लाइन तुमनी अन् जीभ त्यासनी," अनवरी म्हणाली.

वनाला ते झोंबलं. तरी डबीला पेचकस लागताच तो घाबरला. "अक्का, सील तोडं ते कंपनी हात लावाव नही."

"आते तरी कोठे लाई ऱ्हायनी?"

तापल्या सळईने तिने झाकणाची काळी लाख उकरली. आत काय, बोटभर नळीवर जळालेली कॉइल! एवढ्यासाठी सात गावं ओलीस. साडेएकोणीस वेढे मोजले, तेवढ्याच जाडीची तार गुंडाळली, मोटारीसारखं वार्निश पाजून उन्हात वाळवली. वना संच घेऊन गेला, शुक्रवारी सकाळी परत आला. गावभर हसं झालं होतं. संच खरखरत होता, शेजारच्या गावाला एक शब्द पोचत नव्हता.

अनवरीने नळी उजेडात धरली. जुन्या वेढ्यांचे माग सुटे सुटे होते. तिचे वेढे एकमेकांना चिकटलेले, वर वार्निशने फटी बुजलेल्या. मोटार थरथरते म्हणून तिला वार्निश लागतं. हा बसल्या जागी बोलणारा गडी, याला कशाला? स्वतःलाच शिवी हासडून तिने सगळं सोडलं. तारेशेजारी शिवणाचा दोरा ठेवून दोन्ही सोबत गुंडाळले, मग दोरा काढून घेतला, वेढ्यांमध्ये तेवढीच फट उरली. टोकांवर मेणाचा थेंब. बस्स.

शनिवारी ती स्वतः चौथ्या गावी संचापुढे जाऊन बसली. दहाच्या सुमाराला वरून आवाज आला, पाणी सुटनं. वनाने तेच पुढे सांगितलं. पाचव्या गावाचा लोटन ओरडला, ऐकू उनं. मग सहावं, सातवं. दुपारी सातव्या गावाहून गावागावांतून उलटा निरोप चढत आला. पाणी वावरात शिरलं होतं.

दुसऱ्या दिवशी अनवरीने सातही गावांची माणसं दुकानात बसवली आणि ज्याच्या त्याच्या हातून कॉइल गुंडाळून घेतली. मंगळवारी कंपनीचा माणूस नव्या संचांची पत्रकं घेऊन आला. वनाने त्याला चहा पाजला, पत्रकं त्याच्या बॅगेत परत घातली आणि जळगावची बस कुठे लागते ते दाखवलं.