काका, गाढव आणि नसलेला स्विच

देहूरोडपासून खंडाळ्याच्या घाटापर्यंत रोज जेवढा राग निर्माण होतो, त्यातला निम्मा एकटे माझे काका तयार करतात आणि उरलेला निम्मा त्यांना भेटलेली माणसं. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. राहायला लोणावळ्याजवळ वलवणला. मीही तसा रागाच्या घरातच वाढलो. आमच्या देहूरोडच्या दोन खोल्यांत वडिलांच्या संघटनेच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि अक्षरं मी 'निषेध' आणि 'धिक्कार' या शब्दांवरच गिरवली. पण आमचा राग पत्रकं वाटून संपली की भेळ खाऊन घरी यायचा. काकांच्या रागाला सुट्टी नाही. लोणावळ्यातल्या प्रत्येक चिक्कीच्या दुकानावर 'सर्वांत जुने' अशी पाटी का, यावरून ते एकेका दुकानदाराशी भांडून आलेले आहेत. सगळेच सर्वांत जुने असतील तर या गावात नवा कोण, हा त्यांचा प्रश्न. धरणाच्या रस्त्यावर एका मोटारीतून वेफर्सची पाकिटं बाहेर पडली, तर काकांनी ती गोळा केली, पुढच्या ट्रॅफिक जॅममध्ये ती मोटार गाठली आणि पाकिटं खिडकीतून आत देऊन म्हणाले, "तुमचं सामान राहिलं होतं." आतल्या बाईंनी त्यांना थँक्यू म्हटलं. काकांना त्याचाही राग आला.

त्यांचा सर्वांत आवडता राग मात्र तोंडी सांगणाऱ्यांवर. "तोंडी सांगितलेलं घाटातल्या धुक्यासारखं. ऊन आलं की गेलं," असं म्हणत त्यांनी सगळ्या घराला चिठ्ठ्या डकवल्या. पाण्याच्या मोटारीवर आधी कुठला कॉक उघडायचा ते लिहिलेलं, गॅसवर रात्री काय बंद करायचं ते लिहिलेलं, आणि मिठाच्या डब्यावर 'मीठ'. मावशी त्या घरात लग्न झाल्यापासून स्वयंपाक करते. तिला मीठ कुठलं ते वाचावं लागत नाही. ती म्हणाली, एक चिठ्ठी तुमच्या कपाळावर लावते, 'गरम आहे, हात लावू नये'. काका हसले नाहीत. चिठ्ठी कुठल्या पेनने लिहिली तर घामाने पुसणार नाही, यावर मात्र त्यांनी थोडा विचार केला.

या चिठ्ठ्यांचं मूळ त्यांच्या कामात होतं. उभं आयुष्य त्यांनी मेनफ्रेमवर काढलं, म्हणजे कपाटाएवढ्या त्या मोठ्या कॉम्प्युटरवर. निवृत्तीनंतर आंबीजवळच्या एका डेटा सेंटरला त्यांची गरज लागली, कारण हे मशीन समजणारी माणसं आता फार उरलेली नाहीत. आपण काय करतो हे ते जेवताना परात आणि वाट्या मांडून समजावत. परात म्हणजे मेनफ्रेम. तिच्यातल्या वाट्या म्हणजे सर्व्हर, पण या वाट्या खऱ्या नाहीत, मशीनने आतल्या आत तयार केलेल्या. त्यांना बाहेरच्या जगाशी जोडणारा स्विच, तोही खरा नाही. त्याला वायर नाही, डबा नाही, नुसतं सेटिंग. यावर मावशीने विचारलं होतं, एवढं सगळं खोटं आहे तर तुम्हाला आमटी खऱ्या वाटीत का लागते? पण काकांचा मुद्दा पुढे असायचा. प्रत्येक वाटीला त्या स्विचला जोडून घ्यायला परवानगी लागते. चालू मशीनला ती परवानगी तोंडी दिल्यासारखी दिली तर मशीन ऐकतं, पण बंद करून पुन्हा चालू केलं की विसरतं. सुरू होताना ते एकच फाइल वाचतं. तिच्यात परवानगीची ओळ असेल तर वाटी जोडली जाते, नसेल तर नाही. "आणि आमच्याकडची गाढवं तोंडी देतात आणि घरी जातात," असं म्हणून काका परातीवर अशी थाप मारत की सगळी आमटी स्विचच्या जागी सांडायची.

तिथला आणखी एक राग त्यांनी वर्षभर सांभाळला होता. मेनफ्रेमच्या कन्सोलचा, म्हणजे हुकूम टाइप करायच्या जागेचा, पांढरा कीबोर्ड कोणीतरी पिवळा केला होता. वडापाव खाऊन न धुतलेल्या हाताचं हे काम, असं काकांचं ठाम मत. त्यांनी कँटीनमध्ये सूचना लावली, शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांची बोटं पाहिली. आंबीहून परतले की चहाच्या आधी त्या अज्ञात वडापाववाल्याचा उद्धार व्हायचा.

मग तो रविवार आला. मी वलवणला गेलो होतो. जेवणं होताहेत तोवर आंबीहून फोन आला. सकाळी मेनफ्रेम वर्षभरात पहिल्यांदाच देखभालीसाठी बंद करून पुन्हा चालू केलं होतं आणि तेव्हापासून एक सर्व्हर बाहेरच्या जगाशी बोलत नव्हता. तो होता आरोग्य विम्याचा. त्याच्यावरून मंजुरी गेल्याशिवाय दवाखाने पेशंटला घरी सोडत नाहीत. रविवारच्या गर्दीत काका स्वतः गाडी चालवत नाहीत, कारण मग ते पोचत नाहीत, भांडत राहतात. म्हणून मी मोटारसायकल काढली. तिथे मला काचेबाहेरच्या खुर्चीत बसवलं, पण काकांचा आवाज काचेला जुमानत नाही. आत साहेब होते, नेटवर्कची दोन माणसं होती आणि कोपऱ्यात सारिका उभी होती. सारिका आंबीचीच. डिप्लोमा झालेली, एजन्सीमार्फत लागलेली ऑपरेटर. डेटा सेंटरच्या कुंपणाला लागून तिच्या आजोबांचं भाताचं खाचर होतं आणि आता त्याच कुंपणातून आत यायला तिला दर महिन्याला नवा गेटपास लागतो. मशीन सकाळी तिनेच, काकांनी लिहून दिलेल्या कागदावरून, बंद करून चालू केलं होतं. त्यामुळे चूक तिची, हे साहेबांनी आधीच ठरवलं होतं आणि उद्यापासून तिला पाठवू नका, असं एजन्सीला फोनवर सांगूनही झालं होतं. पेशंट अजून दवाखान्यात अडकलेले होते. ते सोडवण्याआधी या माणसाला ही मुलगी काढणं सुचलं होतं.

काकांनीही आधी तिच्यावरच तोंड सोडलं, हे मला लिहिलं पाहिजे. कशाला हात लावला, कोणी सांगितलं, असं बरंच. ती ऐकत राहिली आणि मग, ऑफिसात जपून बोलायची ती भाषा बाजूला ठेवून म्हणाली, "सर, तुमी दिलेल्या कागदावर जेवढं हाय तेवढंच केलं मी. जे लिवलंच न्हाई ते मी कसं करणार?"

एवढ्या शुद्ध विचाराचं वाक्य काकांनी त्या इमारतीत बहुधा प्रथमच ऐकलं असावं. ते कन्सोलवर बसले. तोवर नेटवर्कवाल्यांनी वायरी बदलून पाहिल्या होत्या, बाहेरचा खरा स्विच बंद-चालू केला होता आणि आता सगळं मशीनच पुन्हा एकदा चालू करावं असं त्यांचं चाललं होतं. काकांनी त्यांना हाकललं आणि मशीनला एकेक प्रश्न विचारायला घेतले. आतला स्विच चालू आहे का? आहे. बाहेर जाणारी वाट? ठीक. बाकीचे सर्व्हर? सगळे जोडलेले. मग त्यांनी विम्याचा सर्व्हर जोडायचा हुकूम दिला आणि मशीनने सरळ सांगितलं, याला परवानगी नाही. काकांनी परवानगीची एक ओळ टाइप केली, सर्व्हर जोडला गेला, मंजुऱ्या जायला लागल्या.

खरी गर्जना त्यानंतर झाली. म्हणजे कोणा गाढवाने ही परवानगी तोंडी दिली होती आणि फाइलीत लिहिली नव्हती. कोण तो गाढव? त्याला माझ्यासमोर उभा करा. गाढवाच्या आजोबांपर्यंत पोचून झाल्यावर त्यांनी विचारलं, हा सर्व्हर पहिल्यांदा जोडला कधी? नेटवर्कवाल्यांपैकी एक म्हणाला, मागच्या लग्नसराईत असेल. काकांनी पुन्हा कीबोर्डकडे हात नेला आणि हात तसाच राहिला. ते त्या पिवळ्या बटणांकडे बराच वेळ बघत होते. मग उठून दारात आले आणि मला विचारलं, "तुझ्या ताईच्या हळदीच्या दिवशी मला इथं कोण घेऊन आलं होतं?"

मीच आणलं होतं. कामशेतच्या मांडवात हळद चालली होती, फोन आला, आणि काका कोपरापर्यंत पिवळे हात घेऊन माझ्या मागे बसले होते. काम उरकून बाहेर येताना म्हणाले होते, झालं, फाइलीत उद्या लिहितो. उद्या लग्न होतं.

"धुतले नव्हते हात," काका म्हणाले. त्यांचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता.

साहेब हुशार. त्यांना सगळं कळलं आणि काही बिघडलं नाही. काकांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "सर, तुमचं नाव कशाला मध्ये आणायचं? ती एजन्सीची आहे, दुसरी येईल. तुम्ही आपले आहात." मी आजवर शेकडो पत्रकं वाचली. त्यांच्यातल्या कुठल्याही शिवीपेक्षा हे गोड वाक्य घाण होतं. आपले कोण आणि बदलून आणायचे कोण, हे ज्याच्या डोक्यात इतकं पक्कं लिहिलेलं आहे त्याला कसली फाइल लागत नाही. काकांनी तो हात खांद्यावरून उचलून खाली ठेवला आणि म्हणाले, "मशीनने निदान खरं कारण सांगितलं. तुम्हाला तेवढंही जमत नाही?"

नंतर चहाच्या वेळी भरलेल्या कँटीनमध्ये, आपणच लावलेल्या वडापावाच्या सूचनेखाली उभं राहून त्यांनी सांगितलं की गाढव मी आहे, कीबोर्डही मीच रंगवला आणि वर या मुलीवर ओरडलो. ती सूचना त्यांनी सगळ्यांसमोर फाडली. फाइलीत ओळ लिहिली. आणि पुढच्या रविवारी सगळं मशीन पुन्हा बंद करून सारिकाला बोलावून तिच्याच हातून, त्याच कागदावरून, चालू करायला लावलं. विम्याचा सर्व्हर गुपचूप जागेवर येऊन बसला. साहेबांना एजन्सीला दुसरा फोन करावा लागला. सारिका राहिली.

मी त्यावर पत्रक लिहिलं. जुन्या सवयीने तावातावाने लिहिलं, वरिष्ठांचा धिक्कार, श्रमिक भगिनीचा विजय, आणि मध्यभागी एक निर्भय वृद्ध तंत्रज्ञ. काकांनी ते वाचलं आणि माझ्या अंगावर फेकलं. "यात गाढव कुठं आहे? खोटं छापतोस? मग तुझ्यात आणि त्या साहेबात फरक काय?" मी पत्रक पुन्हा लिहिलं, गाढवासकट. ते आंबीच्या गेटवर वाटलं तेव्हा माणसं थांबून वाचत होती आणि हसत होती. आमची पत्रकं कोणी हसून वाचल्याचं मला आठवत नाही.

काकांना मात्र आंबीहून पुन्हा बोलावणं आलं नाही. कोणी काही लिहून कळवलं नाही, तोंडीसुद्धा सांगितलं नाही. फोन यायचे थांबले, एवढंच. सारिकाचा गेटपास अजूनही दर महिन्याला संपतो आणि नवा होतो. नसलेल्या सर्व्हरसाठी कायमची ओळ लिहिता येते आणि असलेल्या मुलीसाठी लिहायला कोणाचा हात उठत नाही, याचा राग मी काकांकडून वारशाने घेतला आहे, कारण त्यांचा स्वतःचा अलीकडे कमी झालाय. चिक्कीच्या पाटीखालून ते मुकाट्याने जातात. पाण्याच्या मोटारीवरची चिठ्ठी निघून पडली, ती परत लावली नाही. जेवताना मावशी मुद्दाम परात पुढे सरकवते. ते तिच्यातून भाकरी घेतात आणि परात मागे सारतात.

पण सारिकाने कळवलेला देखभालीचा रविवार ते विसरत नाहीत. त्या सकाळी हात स्वच्छ धुऊन ते वलवणच्या ओट्यावर फोन समोर ठेवून बसतात आणि चहाला हात लावत नाहीत. कधीतरी फोन एकदाच वाजतो आणि बंद होतो. सारिकाचा मिस्ड कॉल. म्हणजे सगळे जोडले गेले. काका फोन खिशात ठेवतात, कप उचलतात आणि मावशीवर ओरडतात की हा काय चहा आहे, गार पाणी नुसतं. मावशीने आत दुसरा आधीच ठेवलेला असतो.