जन्माआधी शिवलेली पाठ

सायखेड्यात आमच्या गल्लीतली बहुतेक पोरं माझ्या पायांवर पालथी पडून न्हालेली आहेत. कुणाचे पाय फेंगडे, कुणाची मान कलती, सगळं मी तेल लावून सरळ केलं असा माझा समज होता, आणि तो मी चारचौघींत बोलूनही दाखवायचे. त्यामुळे पाचव्या महिन्यात गंगापूर रोडच्या सोनोग्राफीत सुनेच्या बाळाचा मणका खाली उघडा राहिलाय असं कळलं, तेव्हाही मी फार घाबरले नाही. पाय कदाचित चालणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, जन्माला तर येऊ द्या, मग मी बघते.

सून मात्र माझ्या मुलाला घेऊन मोठ्या शहरातल्या डॉक्टरांकडे जाऊन आली. तिचं पोट आणि गर्भाशय उघडून बाळाची पाठ आतल्या आतच शिवायची, पुन्हा सगळं बंद करायचं आणि उरलेले दिवस झोपून काढायचे, असं ठरवूनच ती परतली. माझा पारा चढला. पोटातल्या जिवाला कुणी सुरी लावतं का, तुझंच काही बरंवाईट झालं तर, असं मी नको नको ते बोलले. दोन दिवस तिच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. तिनं आवाज चढवला नाही. "आई, पायांची गेलेली ताकद परत येणार नाही. पण नसा अशा उघड्या राहिल्या तर उरलेलीही जाईल. जन्मापर्यंत थांबायला वेळ नाही," एवढंच म्हणाली आणि बॅग भरली.

ऑपरेशन झालं. नंतरचे दोन-अडीच महिने ती मुलाच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये कुशीवर पडून होती आणि मी धुसफुसतच तिला भरवत होते. दिवस भरायच्या थोडं आधीच सिझेरियननं नात झाली.

काही दिवसांनी डॉक्टरांनी आंघोळीला परवानगी दिली. पाठ चोळायची नाही आणि पाणी कोमटच हवं, कारण पायांना चटका कळेलच असं नाही, हे दोनदा बजावलं. मला वाटलं होतं, मी एवढं बोलल्यावर सून बाहेरची बाई लावेल. तिनं बाळ माझ्याच पायांवर आणून ठेवलं.

पालथं केलं तर कमरेवर करंगळीएवढी फिकट रेघ. ही पाठ उघडीच माझ्या हाती आली असती तर तेलाची वाटी घेऊन मी काय करणार होते? कोपर बुडवून तीनदा पाणी पाहिलं आणि तळपायांवर सोडलं. डावा पाय लगेच आखडला. उजवा थोडा उशिरानं, पण आखडला. पोरीनं भोकाड पसरलं. पाय हलतात असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण माझ्या हाताला कळलं तेव्हा कुठे मला खरं वाटलं. मी तिच्याहून मोठ्यानं रडले.

सून दारात टॉवेल घेऊन उभी होती. तिला म्हटलं, "पोरी, तू माझं ऐकलं नाय, लय उपकार केले."

ती म्हणाली, "आई, दुसरा तांब्या घाला. पाणी निवतंय."